घटस्फोटाच्या अर्जातला मजकूर छापला, आता काय?

मालिकांत काम करणाऱ्या एका अभिनेत्रीचा प्रश्न आहे. त्यांच्या घटस्फोटाच्या अर्जातले उतारे एका पोर्टलने दहा महिन्यांपूर्वी जसेच्या तसे छापले. खासगीपणाच्या हक्कावर दावा टिकेल का? अशी पत्रं वरचेवर येतात आणि बहुतेकांत खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा पुट्टस्वामी निकाल असतोच.

मॅडम, तुमचं प्रकरण त्या निकालावर ठरणार नाही. समोरचा वकील सर्वोच्च न्यायालयाचाच १९९४चा राजगोपाल निकाल काढेल: न्यायालयाच्या दप्तरासारख्या सार्वजनिक नोंदींत आलेली गोष्ट छापता येते. त्याला उत्तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. या कायद्याखालचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यासंबंधी कोणताही मजकूर छापणं बेकायदा आहे. सूट फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला, तीही पूर्वपरवानगीने. पक्षकार प्रसिद्ध आहे की नाही, याच्याशी कलमाला देणंघेणं नाही. नोंदणी विवाह असेल तर विशेष विवाह कायद्याचं कलम ३३ पाहा. दंड जेमतेम हजार रुपयांपर्यंत, म्हणून नुसत्या तक्रारीवर थांबू नका; याच कलमावर मजकूर हटवण्याचा अंतरिम आदेश मागा.

बातमीनंतर आठवड्याभरात तुम्हीच मुलाखत देऊन संसाराबद्दल बोललात, हे का केलंत? स्वतःहून वादात उतरणाऱ्याची बाजू वेगळी ठरू शकते, असं राजगोपाल निकालातच आहे. मुलाखतीमुळे अर्ज छापायची मुभा मिळत नाही, असं मी तरी मांडेन. पण भरपाईवर परिणाम होऊ शकतो.

'यापुढे माझ्याबद्दल काहीच छापू नये' ही मागणी मात्र वगळा. शिल्पा शेट्टी यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माध्यमांवर सरसकट बंदी घातली नाही, मोजके व्हिडिओच काढायला लावले. ते योग्यच होतं. आज तुमच्यासाठी बंद केलेलं तोंड उद्या एखाद्या मंत्र्याच्या सोयीचं ठरेल.

उताऱ्यांभोवती खोटे आरोपही असतील, तर बदनामीच्या भरपाईची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. मजकूर अजून दिसतो म्हणून ती वाढेल, या भरवशावर राहू नका. इंटरनेटवरही ती पहिल्या प्रसिद्धीपासून मोजावी, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. दहा महिने तुम्ही पोर्टलच्या माफीची वाट पाहण्यात घालवलेत. आपल्याकडे दिवाणी दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो, त्यामुळे खरी लढाई अंतरिम अर्जावरच होईल, आणि तिथे पहिला प्रश्न येईल तो याच उशिराचा. पानाची प्रत तारखेसह आजच जपून ठेवा, तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा आणि याच महिन्यात दावा लावा.