पर्थला येताय? मग हार्ली रीडचा खेळ कसा पाहायचा ते सांगतो

नमस्कार. तुम्ही जुलैत नाशिकहून पर्थला येताय, खाणकंपनीत देखभाल विभागात नोकरी आहे, सोबत पत्नी आणि आठवीतला मुलगा. व्हिसा, घरभाडं, शाळा यांबद्दल तुम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. मी फक्त तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याला कुणी हातच लावलेला नाही. नव्या टीमसोबत सोमवारी कॉल असतो, त्यात पहिली दहा मिनिटं सगळे 'हार्ली'वरून वाद घालतात, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. हा कोण, आणि हे समजून घ्यायची खरंच गरज आहे का?

माझ्या मते आहे. इथे मार्च ते सप्टेंबर लोक फुटीत बुडालेले असतात, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये. शहरात दोन मोठे क्लब, वेस्ट कोस्ट ईगल्स आणि फ्रीमँटल डॉकर्स. हार्ली रीड हा ईगल्सचा तरुण मिडफिल्डर. व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तरेकडच्या टोंगाला नावाच्या छोट्या गावातला मुलगा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर ईगल्सनी त्याला घेतलं. ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला आधी निवड मिळते आणि त्या वर्षी ईगल्स तळाला होते. तेव्हापासून अख्खं पर्थ या पोराच्या खेळाचं मोजमाप करत बसलं आहे.

नियम थोडक्यात सांगतो, बाकीचे नियम एक-दोन सामने पाहिले की आपोआप कळतील. अंडाकृती मैदान, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार डाव, पण खेळ थांबलेला वेळ वाढवून देतात म्हणून प्रत्येक डाव अर्ध्या तासाच्या आसपास जातो. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबामधून गेला की एक. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसा मारून द्यायचा. घेऊन पळायचं तर दर पंधरा मीटरला जमिनीवर टप्पा द्यायचा. आणि चेंडू हातात असताना समोरच्याने पकडलं, सुटायची संधी होती तरी चेंडू सोडला नाही, तर फ्री किक पकडणाऱ्याला.

आता मिडफिल्डर. डावाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर पंच मधोमध चेंडू उंच टाकतो. दोन्हीकडचे उंच खेळाडू, ज्यांना रक म्हणतात, ते उडी मारून चेंडू खाली टोलवतात आणि आजूबाजूला टपून बसलेले तीन-तीन मिडफिल्डर त्यावर झेपावतात. त्या गर्दीतून चेंडू बाहेर काढणं म्हणजे क्लिअरन्स. अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो. हे पाहताना कबड्डी डोळ्यांसमोर आणा: चढाई करणारा चारी बाजूंनी वेढला गेलाय आणि खांदा वळवून, हात झटकून मधल्या रेषेकडे झेपावतोय. हार्लीचं नाव झालं ते याच कलेसाठी. पकडायला आलेल्याला तो सरळ हाताने छातीवर ढकलतो आणि तोल न जाऊ देता पुढे निघतो. इथले लोक त्या ढकलण्याला 'डोन्ट आर्ग्यू' म्हणतात. अठरा वर्षांचा पोरगा दहा-दहा वर्षं खेळलेल्यांना असं बाजूला सारतोय हे पाहून स्टेडियम वेडं झालं. एप्रिल २०२४ मध्ये ईगल्सनी डर्बीत, म्हणजे पर्थच्या दोन क्लबांच्या आपसातल्या सामन्यात, फ्रीमँटलला हरवलं, तेव्हा तर शहरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

वाद सुरू होतो तो इथून पुढे. एक गट म्हणतो, असा खेळाडू वीस वर्षांत एकदा येतो, आणि ते तुम्हाला फोनवर त्याच्या खेळाचे व्हिडिओचे तुकडे दाखवतील. दुसरा गट म्हणतो, तुकडे पाहू नका, शेवटचा डाव पाहा. मिडफिल्डर सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर पळतो, आणि दम टिकवायची ताकद, ज्याला इथे 'टँक' म्हणतात, ती वयाच्या विशीत एकदम येत नाही. शिवाय पकड करताना घाई केली की फ्री किक समोरच्याला जाते, आणि हार्लीविरुद्ध त्या बऱ्याच दिल्या जातात. २०२४ मध्ये सेंट किल्डाच्या डार्सी विल्सनला धोकादायक रीतीने खाली आपटलं म्हणून त्याला दोन सामन्यांची बंदी झाली, आणि बंदी आली की नियमाप्रमाणे रायझिंग स्टार या नवोदितांच्या पुरस्काराच्या शर्यतीतून नाव जातं. तो पुरस्कार जीलाँगच्या ऑली डेम्प्सीला मिळाला. कॉलवर 'त्याच्यावर अन्याय झाला' आणि 'नियम तो नियम' असे दोन सूर ऐकू आले तर मूळ हे.

आकडेही कानावर पडतील. लाथेने किंवा ठोशाने चेंडू किती वेळा पुढे दिला, त्याला डिस्पोझल म्हणतात. पंचवीस-तीस झाले तर मिडफिल्डरचा दिवस चांगला गेला असं धरतात. पण नुसत्या त्या आकड्यावर जाणारा चाहता कच्चा. मोकळ्यावर उभं राहून सोपे चेंडू घेत आकडा फुगवता येतो. जाणकार आधी बघतात झुंजीत मिळवलेले चेंडू, क्लिअरन्स, पकडी, आणि चेंडू हरवल्यावर तो उलट दिशेने किती जोरात धावला ते.

हे शेवटचं मला शिकवलं माझ्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका आजींनी. निळ्या-पिवळ्या मफलरमध्ये, एका कानात रेडिओ. हार्लीने गोल मारला की त्या नुसती मान हलवतात. पण एकदा त्याची किक चुकून समोरच्याच्या हातात गेली, आणि तो जागीच हात कमरेवर ठेवून उभा न राहता साठ-सत्तर मीटर मागे धावला, ज्याच्याकडे चेंडू होता त्याला गाठून पाठीमागून धरलं. आजी उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवत म्हणाल्या, "दॅट्स द वन." तेव्हापासून मी चेंडूकडे बघणं कमी केलं आणि सात-आठ मिनिटं सलग एकाच खेळाडूकडे बघू लागलो. टीव्हीवर हे जमत नाही, कॅमेरा चेंडूमागे जातो. म्हणून पहिला सामना मैदानातच पाहा.

या सगळ्या वादाखाली पर्थकरांची एक जुनी जखम आहे, ती माहीत असलेली बरी. ख्रिस जड हासुद्धा व्हिक्टोरियाचाच. ईगल्समध्ये आला, २००४ चं ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकलं, २००६ मध्ये कर्णधार म्हणून अजिंक्यपद मिळवून दिलं, आणि २००७ च्या हंगामानंतर घराजवळ राहायचं म्हणून मेलबर्नच्या कार्लटन क्लबला गेला. २०१० मध्ये तिथे दुसरं ब्राउनलो. त्यामुळे हार्ली आल्या दिवसापासून इथे एकच प्रश्न: राहील की परत जाईल? इथून टोंगाला म्हणजे अख्खा देश ओलांडून जाणं. मेलबर्नच्या क्लबांची नावं दर आठवड्याला बातम्यांत येत. शेवटी २०२५ मध्ये त्याने करार २०२८ पर्यंत वाढवला आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. अठराव्या वर्षी एवढ्या लांब आलेल्या मुलाला रोज 'परत कधी जाणार' विचारलं जातं, हे ऐकून मला त्याच्याबद्दल फार माया वाटते. तुम्हालाही वाटेल. तुम्हालाही हे दर दिवाळीला फोनवर विचारणार आहेत.

माझं मत विचाराल तर हा मुलगा खराच मोठा होणार, पण घाई करणाऱ्यांनी ईगल्सची अवस्था लक्षात घेतलेली नाही. २०२५ च्या हंगामात तेवीस सामन्यांत त्यांनी फक्त एक जिंकला. हरणाऱ्या संघात चेंडू सतत समोरच्यांकडे असतो, अनुभवी सोबती कमी, आणि एकाच धोकादायक पोरावर समोरचा संघ माणूस चिकटवून ठेवतो. त्याची तुलना ज्याच्याशी होते त्या डस्टिन मार्टिनकडे बघा. तोही हार्लीसारखाच व्हिक्टोरियातल्या बेंडिगो पायोनियर्स या तरुणांच्या संघातून आलेला, तोच ढकलणारा हात. २०१० मध्ये रिचमंडकडून सुरुवात केली, पहिलं अजिंक्यपद २०१७ मध्ये, म्हणजे आठव्या हंगामात. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये आणखी दोन, आणि तिन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक त्यालाच. विशीतल्या मिडफिल्डरवर कायमचा शिक्का मारणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालतो. दमसास वाढू द्या, शेजारी दोन चांगले खेळाडू येऊ द्या.

कॉलवर एक काळजी घ्या. पर्थमध्ये दोन रीड आहेत. फ्रीमँटलचा मर्फी रीड वेगळा, २०२५ चा रायझिंग स्टार तो. हाही व्हिक्टोरियातूनच आलेला, पण अंगकाठीने बारीक, चेंडू हातात आल्यावर डोकं शांत ठेवणारा. डॉकर्सच्या माणसापुढे हार्लीचं कौतुक करून मर्फीचं नाव न घेणं त्याला लागतं.

कुठला क्लब धरायचा ते महिनाभर ठरवू नका. 'मी नवीन आहे, दोन्हीकडचे पाहतोय' म्हटलंत की दोन्हीकडचे लोक तुम्हाला सामन्याला न्यायला पुढे येतील, हा माझा पक्का अनुभव. ऑप्टस स्टेडियमच्या तिकिटात ट्रेन-बसचा प्रवास धरलेला असतो, पर्थ स्टेडियम नावाचं स्टेशन अगदी दारात आहे. गाडीच्या पार्किंगच्या भानगडीत पडू नका. जुलैत संध्याकाळचा सामना असेल तर जाड जॅकेट आणि पावसाचं काहीतरी हवंच.

मुलाचं म्हणाल तर ऑसकिक हा कार्यक्रम लहान मुलांसाठी, तो आता त्यात बसणार नाही. त्याच्या वयाची मुलं उपनगरातल्या ज्युनिअर क्लबांत खेळतात. तुम्ही पोहोचाल तेव्हा हंगाम अर्ध्यावर असेल, तरी क्लबला विचारून सरावाला घेऊन जा. नोंदणी पुढच्या हंगामाआधी करता येईल. कबड्डी खेळलेल्या मुलाला पकड शिकवावी लागत नाही, लाथ मारायला मात्र वेळ लागेल, अंडाकृती चेंडू सुरुवातीला कुठेही जातो. घर ठरलं की उपनगराचं नाव कळवा, जवळचा क्लब आणि सरावाचे दिवस मी विचारून ठेवतो.