जनुकांचे ‘कुटुंब’ की ‘कुल’?

‘सस्तन प्राण्यांतील संप्रेरकग्राहींच्या जीन फॅमिलींचे क्रोमोसोमल मॅपिंग’ असा विषय मराठीत मांडायचा आहे. संप्रेरकग्राही म्हणजे संप्रेरकाला धरून त्याचा संदेश पेशीला पोचवणारे प्रथिन (‘रिसेप्टर’); जीन फॅमिली म्हणजे एकाच मुळातून आलेल्या जनुकांचा गट. ‘जीन फॅमिली’ला ‘जनुक-कुटुंब’ म्हणावे का, आणि ‘मॅपिंग’चे काय करावे, अशी विचारणा झाली आहे.

‘कुटुंब’ मी घेणार नाही. हा शब्द ऐकला की एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. जुन्या बोलण्यात तर ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ म्हणजे बायको. जनुकांना एकत्र राहण्याची अटच नसते. माणसात अँड्रोजेनग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, प्रोजेस्टेरॉनग्राहीचे ११व्या. इस्ट्रोजेनच्या दोन ग्राहींपैकी अल्फाचे ६व्या, तर बीटाचे १४व्या. चुली वेगळ्या, मूळ पुरुष एक. एका पूर्वज जनुकाच्या प्रती निघत गेल्या आणि पांगल्या. हे नाते आपण कुलवृत्तांतात कधीपासून लिहीत आलो आहोत: मूळ गाव कोकणात, शाखा इंदूर-बडोद्याला, तरी कुल एकच. वनस्पतिशास्त्रातही ‘शिंबावंत कुल’ रुळले आहेच. म्हणून ‘जनुककुल’. मात्र ‘कूळ’ लिहू नये. त्याने कूळकायद्यातला शेतकरी आठवतो.

काही भाऊबंद शेजारीही राहतात, आणि तिथे शब्दांचा कस लागतो. पुटिकाग्रंथी उद्दीपक संप्रेरक म्हणजे एफएसएच आणि पीतपिंडकारी म्हणजे एलएच, या दोघांच्या ग्राहींची जनुके माणसाच्या २ऱ्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. त्याहून सुंदर उदाहरण थायरॉइड संप्रेरकाचे. त्याच्या अल्फा ग्राहीचे जनुक १७व्या गुणसूत्रावर रेटिनॉइक आम्लाच्या (‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूच्या) अल्फा ग्राहीजवळ, आणि बीटाचे ३ऱ्यावर रेटिनॉइक आम्लाच्या बीटा ग्राहीजवळ! एकेक खोली नव्हे, वाडाच्या वाडा दुसऱ्यांदा बांधला गेल्याची, म्हणजे एकेका जनुकाची नव्हे तर शेजारासकट गुणसूत्राच्या तुकड्याची प्रत निघाल्याची ही खूण. उंदरात या जोड्या ११व्या आणि १४व्या गुणसूत्रांवर आहेत. पत्ता बदलला, शेजार टिकला. तेव्हा वंशाच्या नात्याला ‘कुल’ आणि जागेच्या नात्याला ‘शेजार’ असे दोन शब्द हाताशी हवेत. ‘कुटुंब’ दोन्हींची सरमिसळ करते.

‘मॅपिंग’ सोपे आहे. अख्ख्या गुणसूत्राचा असेल तर ‘नकाशा’, एखाद्या जनुकाचा ठिकाणा शोधणे असेल तर ‘स्थाननिश्चिती’. ‘नकाशीकरण’ मला कृत्रिम वाटते. शीर्षक असे करता येईल: ‘सस्तन प्राण्यांतील संप्रेरकग्राही जनुककुलांची गुणसूत्रांवरील स्थाननिश्चिती’.