फिजिओचे पहिले पंधरा दिवस

कंबरदुखीसाठी फिजिओकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, जायला लागलात, छान केलंत. आता इंटरनेटवर फार वाचत बसू नका.

आधी चालणं. सपाट रस्त्यावर 10 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मी 3 आठवडे गादीला चिकटून होतो, कंबर आणखीच आखडली.

व्यायाम दिलेत तेवढेच, पण रोज. जरा बरं वाटलं की सोडून देणं ही आपल्या सगळ्यांचीच चूक. डेडलिफ्टचं, म्हणजे जमिनीवरून जड वजन उचलायच्या व्यायामाचं, नंतर बघू.

कंबरेत थोडं दुखलं तर चालतं. कळ पायात खाली उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा, फिजिओला सांगा. लघवीवरचा ताबा जाणं, जांघांमध्ये बधिरपणा, पायातली ताकद जाणं: त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

आणि हो, कंबरपट्टा दिवसभर नको.