स्टेडियम हवं, पण बिल कुणाच्या नावावर?

प्रश्न : पुण्याला, नागपूरला आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे. आपलं नाशिक मात्र अजून कुंभ, द्राक्षं नि वाइन यांतच अडकलंय. महापालिकेनं पैसा घालून मोठं स्टेडियम उभारलं तर शहराची ओळख बदलेल, धंदाही वाढेल. तुमचा विरोध का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी तुमचीच उदाहरणं घेऊ. नागपूरचं जामठा काय नि पुण्याचं गहुंजे काय, दोन्ही स्टेडियमं क्रिकेट संघटनांनी बांधली, महापालिकांनी नाही. आणि दोन्ही शहराबाहेर. गहुंजे तर मावळात, द्रुतगती मार्गालगत. मुंबईहून आलेला प्रेक्षक सामना संपला की परस्पर मुंबईला. त्यातलं लक्ष्मी रोडच्या दुकानदाराच्या गल्ल्यात किती पडतं?

माझी हयात हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे धंदा वाढेल म्हटलं की मी विचारतो, नवा पैसा येणार कुठून? सिडकोतलं चौकोनी कुटुंब तिकिटांवर खर्च करील, तो त्या महिन्यातल्या सिनेमाचा नि रविवारच्या मिसळीचाच. खिसा बदलतो, रक्कम तीच राहते. बाहेरगावचे पाहुणे येतील, मान्य. पण वर्षातून किती दिवस?

कॅनडातल्या माँट्रियलनं १९७६ च्या ऑलिंपिकसाठी प्रचंड स्टेडियम बांधलं. कर्ज फेडायला तंबाखूवर खास कर बसवावा लागला. पुढे तिथं खेळणारा बेसबॉल संघ २००४ च्या हंगामानंतर शहर सोडून गेला. कर्ज फिटलं २००६ मध्ये!

आता शहराच्या ओळखीचं. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं, तेव्हा नाशिकचं नाव झालंच ना? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवत होता. पण वल्हं हातात धरायला तो शिकला लष्करात गेल्यावर. गंगापूर धरण आपल्या दाराशी, आणि ही गत. (हे मला स्टेडियम नसण्यापेक्षा जास्त लागतं.)

गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजीचे सामने होतात आणि एरवी ट्रॅकवर सगळं गाव चालतं. तिथं पाणी, स्वच्छतागृहं, दिवे नीट ठेवा. पंचवटीच्या मीनाताई ठाकरे संकुलाची देखभाल करा. तालुक्यातून येणाऱ्या पोरींसाठी वसतिगृह बांधा. एवढ्यासाठी महापालिकेनं हात सैल सोडला तर माझी तक्रार नाही.

तरीही स्टेडियमचा प्रस्ताव आलाच, तर तुमच्या नगरसेवकाला विचारा : वर्षात सामने किती? हिरवळ नि दिव्यांचं बिल कोण भरणार? तिकिटातला वाटा किती? उरलेल्या दिवशी शाळेची पोरं आत जाऊ शकतील का? उत्तरं लेखी मागा. मिळाली तर मला पाठवा, जशीच्या तशी छापू.