वाचकांचे प्रश्न : विधान परिषद मोडायची की दुरुस्त करायची?

प्रश्न : पडलेल्या उमेदवारांची सोय लावण्यापलीकडे विधान परिषदेचा उपयोग दिसत नाही. पाण्याचे, पीकविम्याचे प्रश्न तसेच पडून असताना हा खर्च कशाला? तामिळनाडूने मोडली, तशी आपणही मोडून टाकावी. – एक वाचक, उदगीर

मोडायची वाट फार लांबची नाही. घटनेच्या कलम 169 नुसार विधानसभेने ठराव करायचा आणि संसदेने त्यावर साधा कायदा करायचा, इतकंच. ठरावाला दोन अटी आहेत : एकूण सदस्यांचं बहुमत, म्हणजे आपल्याकडे 288 पैकी किमान 145, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं. सगळे हजर असले तर हा आकडा 192 वर जातो. ही घटनादुरुस्ती मानली जात नाही.

तामिळनाडूची परिषद 1986 मध्ये गेली. ती परत आणण्याचा कायदा 2010 मध्ये झाला, पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि परिषद भरलीच नाही. आंध्र प्रदेशाने 1985 मध्ये मोडली, 2007 मध्ये पुन्हा उभी केली, जानेवारी 2020 मध्ये परत मोडण्याचा ठराव केला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तो ठरावही मागे घेतला. 2020 चा ठराव कशावरून झाला ते बघा. तीन राजधान्यांचं विधेयक परिषदेने घाईने मंजूर न करता प्रवर समितीकडे, म्हणजे तपासणीसाठी नेमलेल्या निवडक सदस्यांच्या समितीकडे, पाठवलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात विधानसभेने परिषदच नको म्हटलं. परिषद निरुपयोगी ठरली म्हणून नव्हे, तिने आपलं काम केलं म्हणून तिच्यावर घाव घातला गेला.

परिषदेचा अधिकार तसा थोडाच आहे. कलम 197 प्रमाणे विधानसभेने मंजूर केलेलं साधं विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर एक महिना रोखू शकते. त्यानंतर ते मंजूर झाल्याचं धरलं जातं. संसदेसारखी संयुक्त बैठक इथे नाही. धनविधेयकावर, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकावर, फक्त 14 दिवसांत शिफारशी करायच्या, आणि त्या मानणं न मानणं विधानसभेच्या हातात. सरकार पाडता येत नाही, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नाही. म्हणजे जास्तीत जास्त चार महिन्यांचा लगाम. पण सकाळी मांडून संध्याकाळी मंजूर होणाऱ्या विधेयकाच्या बाबतीत हे चार महिने मोलाचे असतात. विधेयक तेवढ्यात बाहेर वाचलं जातं, वकील, शेतकरी संघटना, शिक्षक संघटना त्यातली चूक दाखवू शकतात.

मराठवाड्याने तरी एक गोष्ट विसरू नये. 1972 च्या दुष्काळात लाखो हातांना काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, आणि पागे 1960 ते 1978 या काळात विधान परिषदेचे सभापती होते. योजनेचा कायदा 1977 मध्ये झाला. निवडणुकीच्या धबडग्यापासून थोडा दूर बसलेला माणूस काय करू शकतो, ते यातून दिसतं. सोय लावण्याचा तुमचा आक्षेप खोटा नाही. मात्र तो दोष परिषदेत माणसं येतात कशी, यातला आहे. दुरुस्तीही तिथेच हवी.

प्रश्न : आमच्या जिल्ह्याची ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ची जागा 2022 मध्ये मुदत संपल्यावर भरलीच गेली नाही. सभागृह कायमचं, मग जागा रिकामी कशी राहते? – एक माजी नगरसेवक, नांदेड

सभागृह बरखास्त होत नाही, पण सदस्य सहा वर्षांनी निवृत्त होतो आणि दर दोन वर्षांनी साधारण एक-तृतीयांश जागा मोकळ्या होतात. तुमच्या मतदारसंघात मत देतात ते नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. त्यांचीच मुदत संपून प्रशासक बसला तर मतदार यादी करायची कुणाची? निवडणूक आयोगाची अट अशी की मतदारसंघातल्या किमान 75 टक्के संस्था कार्यरत हव्यात आणि किमान 75 टक्के मतदार उपलब्ध हवेत.

महापालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि ही अट मोडली. नांदेडची जागा डिसेंबर 2022 मध्ये, परभणी-हिंगोली आणि धाराशिव-लातूर-बीड या दोन जागा जून 2024 मध्ये, आणि छत्रपती संभाजीनगर-जालना ऑगस्ट 2025 अखेर रिकामी झाली. म्हणजे त्या वेळी आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यातून या वर्गातला एकही आमदार परिषदेत उरला नाही. जिल्हा परिषदेचा निधी, नगरपालिकेची पाणीपुरवठा योजना यांवर वरच्या सभागृहात बोलायला ज्यांना पाठवायचं, तेच नेमके तेव्हा नव्हते.

वाटणीतही हा वर्ग मागे आहे. घटनेने एक-तृतीयांश जागा स्थानिक संस्थांना आणि एक-तृतीयांश विधानसभेच्या आमदारांनी निवडायला दिल्या, ‘शक्य तितक्या जवळपास’ या शब्दांत. 78 चा तिसरा हिस्सा 26. प्रत्यक्षात स्थानिक संस्थांना 22 आणि आमदारांना 30. उरलेल्यांत पदवीधर 7, शिक्षक 7 आणि राज्यपालनियुक्त 12. पक्षांच्या हातातला वाटा वाढला आणि गावाशहरांचा घटला, हे आमच्या मते आधी उलटवायला हवं.

दुसरी दुरुस्ती मतदारांची. कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्यांनाही या निवडणुकीत मत आहे, आपल्याकडे नाही. कोणत्या संस्था मतदार ठरतात ते 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लिहिलं आहे. तिच्यात ग्रामपंचायत घातली तर काही शे मतदारांचा मतदारसंघ हजारोंचा होईल. मोजकी माणसं सहलीला नेऊन हॉटेलात ठेवण्याचा प्रकार तेव्हा कठीण होईल. पैसा आपोआप थांबेल असं मात्र नाही, कारण विधानसभा-लोकसभेसारखी उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा परिषदेच्या निवडणुकीला लागू नाही. ती लागू करणं हे याच दुरुस्तीचं दुसरं अंग.

प्रश्न : मी पदवीधर आहे, विधानसभेच्या यादीत नावही आहे. तरी पदवीधरच्या मतदानाला नाव नव्हतं. आणि बारावी शिकलेल्या शेतकऱ्याला हे मत का नाही? – एक वाचक, अंबाजोगाई

विधानसभेची यादी इथे चालत नाही. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीआधी पहिल्यापासून नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी येत नाही, आणि बहुतेकांचं नाव इथेच गळतं. अर्जाचा नमुना 18. निवडणुकीआधीच्या 1 नोव्हेंबरला पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि तुमचा रहिवास विभागातल्या आठ जिल्ह्यांत हवा. पदवी किंवा गुणपत्रिकेची प्रत अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून जोडायची. अर्ज ऑक्टोबरात सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली मुदत संपते. पक्षाच्या कार्यकर्त्याने आणलेला अर्जांचा गठ्ठा स्वीकारला जात नाही. घरातल्या माणसांचे अर्ज एकत्र देता येतात. प्रारूप यादी लागली की नाव बघाच, कारण दावे-हरकतींची मुदत थोडी असते.

शिक्षकांसाठी नमुना 19, आणि मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत शिकवलेलं हवं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी यात बसत नाहीत. ही मोठी उणीव आहे.

मतपत्रिकाही वेगळी असते. यंत्र नसतं, पसंतीक्रम लिहायचा असतो. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचं, खिशातलं पेन काढायचं नाही. एकाच नावापुढे 1 हा आकडा, पुढे वाटलं तर 2, 3. बरोबरची खूण केली, ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, दोघांपुढे 1 टाकला किंवा सही केली तर मत बाद. शिकलेल्यांची मतं इतक्या साध्या कारणांनी वाया जातात. एक जागा असल्याने वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा जिंकण्याचा कोटा. पहिल्या पसंतीत तो कुणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. पदवी हातात असलेले मोजके होते, त्या काळातली ही तरतूद आहे. आज तिचं समर्थन करणं अवघड आहे. आयर्लंडच्या वरच्या सभागृहात विद्यापीठांच्या 6 जागा आहेत आणि त्यांचं मत दोनच विद्यापीठांच्या पदवीधरांना होतं. मतदार वाढवायची मुभा 1979 च्या घटनादुरुस्तीने दिली, तरी सरकारांनी ती वापरली नाही. शेवटी 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली. त्याच देशात 2013 च्या सार्वमतात सभागृह मोडण्याचा प्रस्ताव थोडक्यात पडला होता. आपल्याकडे या 7 जागा शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था, कामगार, बचतगट अशा नोंदणीकृत गटांकडे वळवता येतील. सहकारातलं पुढारीपण पुन्हा त्याच घरांत जाण्याचा धोका त्यात आहे. म्हणून मत संचालकांना न देता सभासदांना द्यायला हवं.

प्रश्न : राज्यपालनियुक्त 12 जागांचं काय? – एक वाचक, हिंगोली

साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या पाच क्षेत्रांसाठी त्या आहेत. नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने 12 नावं पाठवली, त्यावर निर्णयच झाला नाही. पुढे सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये 7 जणांच्या नेमणुका झाल्या. कायद्यात मुदत नसल्याने हे घडलं. शिफारस आल्यापासून ठरावीक दिवसांत होय किंवा नाही सांगण्याचं बंधन आणि नाव कोणत्या क्षेत्रातल्या कोणत्या कामासाठी आहे याचं लेखी कारण, एवढं लिहिलं तरी बराच फरक पडेल.

प्रश्न : यासाठी घटनादुरुस्ती लागेल का? आम्ही कुणाला लिहायचं? – एक शिक्षिका, सेलू

बहुतेक गोष्टींना लागत नाही. कलम 171 च्या दुसऱ्या खंडात ही रचना ‘संसद कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंत’ अशी आहे. म्हणजे वर्गवारी आणि मतदार साध्या कायद्याने बदलतात. जागांचे आकडे 1950 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. विधानसभेच्या एक-तृतीयांशाची कमाल, म्हणजे आपल्यासाठी 96, ही मर्यादाही अजून गाठलेली नाही. त्यामुळे अर्ज आमदाराकडे नको, आपल्या खासदाराकडे द्या. नुसती ‘सुधारणा करा’ अशी मागणी बाजूला पडते. चौथ्या अनुसूचीत महाराष्ट्रासाठी ग्रामपंचायत घाला, शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षक घ्या, अशी नेमकी कलमवार मागणी लिहा आणि त्यावर खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराला मांडता येणारं विधेयक, मांडणार का, हे लेखी विचारा.