वंशवाद, वर्णद्वेष आणि वर्णभेद यांत फरक काय? समता आणि समानता एकच का?

हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. एक वंश जन्मतःच श्रेष्ठ आणि दुसरा हीन ही धारणा म्हणजे वंशवाद. कातडीच्या रंगावरून मनात साठलेला तिरस्कार म्हणजे वर्णद्वेष. आणि तो कायद्यात किंवा व्यवहारात उतरला की वर्णभेद. दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर शाळा, रेल्वेचे डबे, समुद्रकिनारेसुद्धा रंगानुसार वाटले गेले, म्हणून तिथे ‘वर्णभेदी राजवट’ हाच शब्द नेमका बसतो.

मराठीत मात्र ‘वर्ण’ म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. त्यामुळे जातीविषयी लिहिताना ‘जातिभेद’ असेच स्पष्ट लिहावे, असे मला मनापासून वाटते. संदिग्ध शब्दामागे अन्याय झाकला जातो. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्येही ‘वंश’ आणि ‘जात’ हे शब्द स्वतंत्रपणे आले आहेत.

समानता म्हणजे सारखेपणा. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असे शब्द आहेत. समता हे त्यामागचे मूल्य, म्हणून चळवळीत हा शब्द अधिक रुजला. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९२८ साली निघालेल्या वृत्तपत्राचे नावही ‘समता’च होते.