उकळता हेलियम अचानक गप्प का होतो?

प्रश्न : द्रव हेलियम थंड करताना खदखदत असतो आणि एका क्षणी एकदम निश्चल होतो, असा व्हिडिओ पाहिला. तो गोठला का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. साध्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केलात तरी गोठत नाही. त्याला हवेच्या दाबाच्या पंचवीसपट दाब लागतो.

प्रयोगशाळेत हा क्षण मी शंभरेक वेळा पाहिला असेन, तरी ड्यूअरच्या (द्रव हेलियम ठेवायच्या, थर्मासासारख्या दुहेरी भिंतीच्या भांड्याच्या) चांदीच्या मुलाम्यात ठेवलेल्या उभ्या फटीला डोळा लावल्याशिवाय राहवायचं नाही. हेलियम ४.२ केल्व्हिनला, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसला उकळतो. वरची वाफ पंपाने ओढत राहिलं की उरलेला द्रव गार होतो, माठातल्या पाण्यासारखा. २.१७ केल्व्हिनपर्यंत पोचताना एक तृतीयांशाहून जास्त हेलियम उडून गेलेला असतो. महागडं प्रकरण! आणि मग खदखद थांबते. वाफ निघतच असते, पण फक्त पृष्ठभागावरून. बुडबुडा धरायला एखादी जागा शेजारच्यापेक्षा गरम व्हावी लागते; इथे तशी संधीच मिळत नाही. आता द्रवाचे जणू दोन भाग असतात : जवळजवळ विनाअडथळा वाहणारा ‘अतिप्रवाही’ भाग गरम जागेकडे धावतो, साधा भाग उष्णता घेऊन उलटा निघतो.

पाण्याचं बर्फ होताना असते तशी गुप्त उष्णता इथे नसते. अतिप्रवाही भाग शून्यापासून वाढत जातो. विशिष्ट उष्णता (एकक वस्तुमानाचं तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) मात्र २.१७ केल्व्हिनच्या त्या बिंदूपाशी सुळक्यासारखी चढते. १९३२ साली नेदरलँड्समधल्या लायडनला केसोम आणि क्लुझियस यांनी मोजलेला तिचा आलेख ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा दिसला, म्हणून हा ‘लॅम्डा बिंदू’. सुळक्याचं टोक नीट मोजायला पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण आडवं येतं : दर सेंटिमीटर खोलीला वाढत्या दाबामुळे हा बिंदू केल्व्हिनच्या साधारण दहालक्षांश भागाने सरकतो. म्हणून १९९२ मध्ये हे मोजमाप कोलंबिया या अमेरिकी अवकाशयानातून अवकाशात नेलं.

१९३८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मॉस्कोच्या कापित्सांनी काचेच्या दोन चकत्यांमधल्या फटीतून, तर केंब्रिजच्या ॲलन आणि मिझनर यांनी बारीक नळ्यांतून हा द्रव जवळजवळ विनाअडथळा वाहताना पाहिला. माझ्या वाट्याला तोच गुण सोल्डरच्या जोडातून आला. ४.२ ला जोड ठणठणीत; २.१७ च्या खाली गेलं की निर्वात कप्प्यात हेलियम झिरपायचा. तापमान पुन्हा वर आणून तपासावं, तर गळती गायब! तीन दिवस मी पंपवाल्याला दोष देत होतो. जोड माझ्याच हातचा निघाला.